वसईचा किल्ला

पालघर जिल्ह्यात वसईची खाडी अरबी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या उत्तर तीरावर असलेली पोर्तुगीज तटबंदीची नगरी. उल्हास नदीचा उत्तरेकडचा फाटा म्हणजे ही खाडी. पलीकडच्या तीरावर साष्टी, म्हणजे आज मुंबईची उपनगरे असलेले बेट, आणि त्यातले भाईंदर-उत्तन. पोर्तुगीज या गावाला 'बासाईं' म्हणत, मराठ्यांनी जिंकल्यावर 'बाजीपूर' हे नाव दिले गेले, इंग्रजांनी 'बॅसीन' केले. लोकांच्या तोंडी मात्र पूर्वीपासून आजतागायत वसईच राहिले.

'किल्ला' हा शब्द इथे जरा फसवा आहे. रायगड-राजगड पाहिलेला माणूस वसईत येतो तो बालेकिल्ला, दारूकोठार आणि टाकी शोधत. त्याला मिळतात चर्चचे उंच दर्शनी भाग, मठांची अंगणे आणि झाडीत हरवलेल्या सरळ रस्त्यांच्या खुणा. हे मूळचे शहर होते, तट नंतर आला. शंभर एकरांहून मोठ्या या आवारात न्यायालय, तुरुंग, इस्पितळ, बाजार, विद्यालय आणि घरे होती. वसई पाहायची तर शहरासारखीच पाहावी : चौक कुठे होता, कोण कुठे राहत होते, बंदरावरून माल कोणत्या वाटेने आत येत होता. असे प्रश्न मनात असले की पडक्या भिंतींचा अर्थ लागू लागतो.

बंदर आणि तह

या किनाऱ्यावरचा व्यापार पोर्तुगीजांनी सुरू केलेला नाही. आठ-दहा किलोमीटर उत्तरेला नालासोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला बौद्ध स्तूप उकरून काढला. मध्ययुगात वसई, आगाशी ही गुजरातच्या सुलतानांच्या ताब्यातली बंदरे होती. जवळच्या जंगलातले सागवान, घडवायला योग्य दगड, ऊस, भात, मीठ आणि खाडीतून आत ठाणे-कल्याणपर्यंत जाणारी जलवाट, एवढे सगळे एका जागी असल्यावर दर्यावर्दी सत्तेची नजर तिथे न जाती तरच नवल.

१५३३ मध्ये गव्हर्नर नुनु द कुन्या याने वसईवर हल्ला करून सुलतानाची तटबंदी पाडली. पुढच्याच वर्षी हुमायूनची धास्ती घेतलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी समेट केला. २३ डिसेंबर १५३४ रोजी साँव मातेउश नावाच्या पोर्तुगीज गलबतावर तह होऊन वसई आणि तिच्या हाताखालची बेटे पोर्तुगालच्या राजाला मिळाली. त्या बेटांत मुंबईही होती. आज वसई हे मुंबईचे उपनगर मानले जाते. त्या काळी हिशेब उलटा होता, मुंबई हा वसईच्या अखत्यारीतला एक किरकोळ तुकडा होता. तहात असेही ठरले, की गुजरातमधून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहून परवाना घेऊन निघावे आणि परतताना इथेच येऊन जकात भरावी. जमिनीपेक्षा हे कलम जास्त मोलाचे होते. तहावर शिक्का उठवणारा बहादूरशहा १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला.

१५३६ मध्ये पहिला कप्तान गार्सिया द सा याच्या हाताखाली आतला लहान किल्ला उभा राहिला. शहराला वेढणारा मोठा तट सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला आणि तो बराच काळ बांधला जात होता. दहा कोनांच्या या तटाला दहा बुरुज आहेत. गोल मराठी बुरुजांची सवय असलेल्या डोळ्याला ते वेगळे वाटतात, कारण ते बाणाच्या टोकासारखे कोनात पुढे आले आहेत. तोफांच्या युगातली ही युरोपीय रचना : एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्यावर मारा करता यावा, शत्रूला तटाच्या कुशीत लपायला आंधळी जागा मिळू नये. बुरुजांना नावे संतांची : सेबास्तियन, पेद्रो, पावलू, गोन्सालू, रेमेदियुश. शेवटचे नाव मराठीत मुरले आहे. किल्ल्याबाहेरच्या 'रमेदी' भागाचे नाव तिथल्या रेमेदियुश मातेच्या चर्चवरून पडले. तिथे राहणाऱ्या कितीतरी जणांना त्या शब्दाचा पोर्तुगीज अर्थ 'औषधोपचार' असा आहे हे ठाऊक नसते, आणि त्यामुळे कुणाचे काही अडतही नाही.

उत्तरेची राजधानी

सोळाव्या-सतराव्या शतकांत दमण ते चौल या पट्ट्यातल्या पोर्तुगीज मुलखाला 'उत्तर प्रांत' म्हणत. मराठी कागदांत तो 'फिरंगाण' म्हणून येतो. त्याचा सेनापती वसईत राही, आणि गोव्याखालोखाल मान वसईला होता. तटाच्या आत 'फिदाल्गू' म्हणजे सरदार घराण्यांची वस्ती, कारागीर आणि स्थानिक लोक बहुतांशी बाहेर. १६७५ मध्ये आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने इथल्या दुमजली घरांचे, झाकलेल्या सज्जांचे आणि काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्यांचे वर्णन केले आहे. तसल्या शिंपल्यांच्या खिडक्या गोव्यातल्या जुन्या घरांत अजून दिसतात. वसईत त्या पाहायला एकही घर उरलेले नाही.

वसईची श्रीमंती वसईतच राहिली नाही. इथला काळा बेसॉल्ट जहाजांतून गोव्याला जाई, कारण तिथला जांभा कोरीव कामाला टिकत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेच्या दर्शनी भागातला कोरीव दगड वसईकडचा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांसाठी दगड घडवणारे हात स्थानिक होते, आणि 'मिस्त्री', 'घमेले', 'तुरुंग', 'लिलाव' हे शब्द मराठीत आले ते याच संगतीतून. किल्ल्यातल्या तुरुंगाच्या पडक्या खोलीसमोर उभे राहून 'तुरुंग' म्हणताना आपण पोर्तुगीजच बोलत असतो. मूळ शब्द 'त्रोंकू', म्हणजे झाडाचे खोड किंवा कैद्यांना अडकवायचा खोडा.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. मे १६१८ मध्ये प्रचंड वादळाने घरे आणि चर्चे उडवली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली आणि तटाच्या आतल्या शिबंदीने बाहेर पडायचे धाडस केले नाही. १६९५ च्या सुमारास आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाला शहराचा उत्तरेकडचा भाग साथीने ओस पडलेला दिसला. शिवाय हिंदूंच्या सण-संस्कारांवरची बंदी, देवळांची मोडतोड आणि धर्मांतराची सक्ती यांमुळे प्रजेच्या मनात धुमसणारा राग होताच. मराठ्यांना वसईचे निमंत्रण जे आले ते याच रागातून.

चिमाजी अप्पांची मोहीम

अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशा साष्टी-वसईतल्या वतनदारांनी पेशव्यांकडे सतत खटपट केली. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी अचानक ठाणे आणि साष्टी घेतली. वसई मात्र पहिल्या झटक्यात पडली नाही. दलदल आणि पाणी यांनी तिला तीन बाजूंनी सांभाळले होते. पुढली दोन वर्षे शंकराजी फडके, खंडोजी माणकर, रामचंद्र हरी पटवर्धन यांनी हा लढा चालू ठेवला.

मोहिमेचा निर्णायक टप्पा १७३८ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा स्वतः कोकणात उतरले. त्यांनी वसईवर थेट धडक मारली नाही. आधी उत्तरेकडची ठाणी घेतली : माहीम-केळवे, मग तारापूर. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले, ही जखम चिमाजींच्या जिव्हारी लागली होती. दुसरीकडे खाडीच्या दक्षिण तीरावरची धारावीची टेकडी घेण्यात आली. (ही धारावी उत्तनजवळची, मुंबईच्या मध्यावरची नव्हे. नावसाधर्म्यामुळे इथे नेहमी घोटाळा होतो.) धारावी गेली आणि खाडीच्या तोंडावर मराठ्यांच्या तोफांची नजर बसली. वसईला समुद्रमार्गे मदत पोचणे अवघड झाले.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा आवळला गेला. हल्ला करण्याजोगी कोरडी जमीन उत्तरेकडेच होती, म्हणून सगळा जोर रेमेदियुश आणि सेबास्तियन या बुरुजांवर आला. मराठ्यांनी खंदक खणत तटाजवळ जाऊन भुयारे पाडली आणि त्यांत दारू भरली. आतून पोर्तुगीज ती भुयारे शोधून निकामी करत, मोर्च्यांवर जळते पदार्थ टाकत. किल्लेदार सिल्व्हैरा द मेनेझिश वेढ्यात मारला गेला आणि सूत्रे कायतानु द सौझा परैरा याच्याकडे आली. मुंबईच्या इंग्रजांनी शेजारधर्म पाळला तो व्यापाऱ्यासारखा : दारूगोळा दिला, पण रोख पंधरा हजार रुपयांसाठी चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेतल्या. तटावरून तोफ उतरवून ती लढाईच्या खर्चासाठी गहाण टाकावी लागते, तिथे शेवट काय होणार हे सांगायला नको.

उत्तरेत तेव्हा नादिरशहा दिल्लीत होता आणि बाजीरावांना कोकणातले सैन्य मोकळे हवे होते. १३ मेला सुरुंग उडाले, बुरुजांना खिंडारे पडली, काही सुरुंग उलटे फिरून मराठ्यांचीच माणसे गेली. हल्ल्यामागून हल्ले झाले. 'किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन आत टाका,' असे चिमाजी म्हणाल्याची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी, पण मोहिमेची ईर्ष्या किती होती हे तिच्यातून कळते. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा तह झाला. काही इंग्रजी पुस्तकांत हीच तारीख ५ मे अशी येते. त्यात चूक नाही. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनी, अकरा दिवस मागे असलेली दिनदर्शिका वापरत होते. तहानुसार पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रे आणि निशाणांसह, वाद्ये वाजवत, बायकामुलांना घेऊन निघून जाण्याची मुभा मिळाली. आठवड्याभरात वसई रिकामी झाली. मराठ्यांकडचे मृत आणि जखमी कित्येक हजार होते. या मोहिमेइतके महागात पडलेले दुसरे यश पेशवाईत शोधावे लागेल.

पुढची हकिकत थोडक्यात : डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडार्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून पेशवाईच्या गळ्यात दोरी अडकवून घेतली. चिमाजींच्या पराक्रमानंतर ६३ वर्षांनी त्यांच्याच पुतण्याच्या मुलाने हे करावे, हा योगायोग वसईकर सहसा उच्चारत नाहीत. इंग्रजी अमलात किल्ल्याची जमीन भाडेपट्ट्याने गेली, आत ऊस लावला गेला आणि एका चर्चच्या इमारतीत साखरेचा कारखाना निघाला. पडझडीचा बराच दोष लढाईला दिला जातो, पण नंतरच्या दीडशे वर्षांतल्या दुर्लक्षाने आणि दगड उचलून नेणाऱ्यांनी कमी नुकसान केलेले नाही.

आत काय पाहावे

वसई गावातून येणारा डांबरी रस्ता तट फोडून थेट आत शिरतो आणि आरपार खाडीवरच्या धक्क्याकडे जातो. त्यामुळे पुष्कळ पर्यटक किल्ल्यात शिरल्याचे कळायच्या आतच त्याच्या मध्यावर पोचतात. रस्त्यालगत चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. इथे फोटो काढून परत फिरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. खरा किल्ला रस्ता सोडल्यावर सुरू होतो.

मुळात शहराला दोन मुख्य दरवाजे : जमिनीकडचा आणि दर्या दरवाजा. दर्या दरवाजापाशी आधी जावे, कारण बंदरातून आलेला माणूस शहर पाहायचा ते याच बाजूने. तिथून जवळच साँव जुझे, म्हणजे संत जोसेफचे मुख्य चर्च आहे. सोळाव्या शतकात बांधलेले हे चर्च १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या काळात वाढवले गेले, तसा लेख दारावर आहे. त्याचा उंच मनोरा किल्ल्याची ओळख बनला आहे. आतला गोल जिना अरुंद आणि झिजलेला आहे. तो चढण्याचा मोह आवरावा हे बरे.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत देखणा : खांब, कमानी आणि येशूच्या नावाची आद्याक्षरे. जेझुइटांनी १५४८ च्या सुमारास इथे विद्यालय काढले, फ्रान्सिस झेवियर त्या दिवसांत वसईला येऊन गेला होता. याच जागेशी गोन्सालो गार्सियांचे नाव जोडलेले आहे. पोर्तुगीज बाप आणि स्थानिक आई यांचा हा वसईचा मुलगा जेझुइटांकडे शिकला, जपानमध्ये गेला, व्यापारी झाला, मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाचा बंधू झाला. जपानी भाषा येत असल्याने तो दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोचला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर २५ जणांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. फेब्रुवारीत त्याच्या सणाला या छत नसलेल्या चर्चमध्ये वसईतले ख्रिस्ती भाविक मिस्सा करतात. मे महिन्यात चिमाजींच्या विजयाचा उत्सव याच किल्ल्यात होतो. दोन्ही उत्सव करणारे लोक एकाच गावचे, कित्येकदा एकाच आळीतले. सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन म्हणवणारे इथले मूळचे ख्रिस्ती अशी ही वस्ती सरळ रेषेतल्या इतिहासात बसत नाही. इथल्या कुपारी समाजाची कादोडी बोली ऐकली तर मराठी माणसाला निम्मे कळते आणि निम्मे कान देऊन ऐकावे लागते.

माझ्या मते जास्तीत जास्त वेळ द्यावा तो संत अँथनीच्या फ्रान्सिस्कन चर्चला. इथली जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. त्यांच्यावर घराण्यांची चिन्हे, नावे, वर्षे कोरलेली आहेत. काही अक्षरे पावलांनी पुसली आहेत, काही पावसात शेवाळ धरून अधिकच ठसठशीत दिसतात. सकाळी तिरके ऊन असताना ती वाचता येतात. दुपारी डोक्यावर ऊन आले की दगड मुका होतो. शिळांवर पाय न देता कडेने चालावे, पुढच्या माणसालाही काही वाचायला मिळेल.

मराठ्यांनी किल्ल्यात नागेश्वर, वज्रेश्वरी आणि हनुमान यांची देवळे उभारली. वज्रेश्वरीला चिमाजींनी नवस केला होता आणि विजयानंतर तानसा नदीकाठी गणेशपुरीजवळ तिचे मोठे देऊळ बांधून तो फेडला, असे सांगतात. चर्चच्या घंटा मात्र वसईत नाहीत. त्या विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा त्यांतलीच. तिच्यावर मरियम आणि बाळ येशू यांची आकृती आहे आणि साल १७०७. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर इथेही अशा घंटा आहेत. वसईचे मनोरे पाहून झाल्यावर त्यांचा आवाज ऐकायचा असेल तर मेणवलीला किंवा नाशिकला जावे लागते.

तटावरून चालणे काही टप्प्यांतच शक्य आहे. एका बुरुजाच्या पोटातून भुयारी वाट जाते. तिथे बॅटरीशिवाय शिरू नये, पावसाळ्यात तर मुळीच नको, कारण सापांना ती जागा आपल्याइतकीच आवडते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तरी भिंतींवर नावे खरडणारे, लग्नाआधीच्या फोटोंसाठी थडग्यांवर झगे पसरणारे आणि रविवारी पार्ट्या करून बाटल्या टाकून जाणारे यांचा उपद्रव चालूच असतो. दर आठवड्याला झाडलोट करणारी स्थानिक मंडळी तोंडाने फार बोलत नाहीत, कचऱ्याच्या पिशव्या दाखवतात.

जाणे-येणे

पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावरून वसई गाव आणि किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. अंतर सात-आठ किलोमीटरच्या आसपास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात सगळे हिरवे होते आणि जागोजाग घसरते. किल्ल्यात खाण्यापिण्याची सोय धरू नये, पाणी बरोबर न्यावे. लगतच्या किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळीवाड्यांत बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसतात, वास त्याआधीच पोचतो. परतताना वसईच्या बाजारात हंगाम असेल तर राजेळी केळ्यांची वाळवलेली 'सुकेळी' मिळतात. केळीच्या पानात बांधलेली ही पुडी आता महाग झाली आहे, कारण ती करणारी घरे कमी झाली आहेत.

भाईंदरहून लोकलने येताना खाडीवरच्या पुलांमध्ये पाणजू बेट लागते. पण २०२४ पासून भाईंदर ते वसई अशी रो-रो, म्हणजे वाहनेही नेणारी, बोट सुरू झाली आहे आणि ती किल्ल्याच्या धक्क्यालाच लागते. वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरते, ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे. बोटीच्या डाव्या कठड्याशी उभे राहिले तर धारावीची बाजू मागे पडत जाते आणि समोर झाडांच्या वर आधी चर्चचा मनोरा दिसतो. तट त्यानंतर दिसतो, धक्का जवळ आल्यावर.